ताज्या बांगड्याचा वाटा

समुद्रकाठच्या माणसाला ताजी मासळी म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. परंतु तो ताजेपणा किती अल्पायुषी असतो, हे मात्र त्यालाही कधीकधी ठेच लागूनच शिकावे लागते. आम्ही ते कसे शिकलो, ती हकीकत आज वाचकांपुढे ठेवीत आहोत. तीत आम्हांस भूषणावह असे काही नाही. तथापि एखाद्या घरी ती उपयोगी पडेल, अशी आशा आहे.

आमचे घर गोव्यात पेडणे तालुक्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. पावसाळा सरून दर्या निवळला, की बांगड्यांचे थवे किनाऱ्यालगत येतात. आमच्या लहानपणी पहाटे रापणीची हाक ऐकू आली, की घरोघरची मुले धावत सुटत. होडीने पाण्यात पसरलेल्या त्या लांबलचक जाळ्याचे दोन्ही दोर वाळूवरून दोन रांगांनी ओढावयाचे. दोराला हात लावणाऱ्या पोरालाही ओंजळभर मासळी मिळे, आणि ती घेऊन घरी जाताना आम्ही जणू गलबत जिंकून आणल्याच्या ऐटीत चालत असू.

घरी आईचा एक नेम असे. विळी हाती घेण्यापूर्वी ती बांगडे मोजी, आणि त्यांतले चार केळीच्या पानावर वेगळे काढी. ते शेजारच्या मावशींचे. मावशींना कमावते कोणी नव्हते. "चूल पेटण्याआधी वाटा बाहेर पडला पाहिजे," असे आई म्हणे. तो निव्वळ दानधर्म, असे आम्ही समजत होतो.

मग उरलेल्या बांगड्यांचे कल्ले व आतडी काढून ती ते मिठाच्या पाण्यात स्वच्छ धूत असे. डोळा चकचकीत, कल्ला लालभडक आणि अंग बोटाने दाबताच परत वर येणारे, ही ताज्या बांगड्याची खूण तिनेच आम्हांस शिकविली. निम्म्याचे हुमण होई: ओले खोबरे, सुक्या मिरच्या, धणे व हळद बारीक वाटून मातीच्या मडक्यात घालावयाचे, आंबटपणासाठी आमसुले, आणि शेवटी बिया काढून ठेचलेली चार तिरफळे. तेलकट मासळीचा उग्रपणा तिरफळानेच मोडतो. उरलेल्यांच्या अंगाला तिरप्या चिरा देऊन त्यांत रेशाद मसाला भरावयाचा. मिरची, लसूण, आले, जिरे व मिरी माडाच्या व्हिनेगरात वाटून तो केलेला असे. 'रेशाद' हा मूळ पोर्तुगीज शब्द. त्याचा अर्थच 'भरलेला'. मंद विस्तवावर तव्यात तो बांगडा तडतडू लागला, की शुक्रवारी मांस वर्ज्य आहे याची आठवणसुद्धा कोणास होत नसे.

आता आमच्या चुकीविषयी. आई निवर्तल्यावर काही वर्षांनी, ऑक्टोबरातील एका सकाळी आम्हांस चाळीसेक बांगडे मिळाले. सायंकाळी बेळगावहून पाहुणे यावयाचे होते. "मावशींकडे चार पाठवू या का?" असे घरच्या मंडळींनी सुचविले. आम्ही म्हणालो, "पाहुण्यांना कमी पडतील, मावशींना पुढच्या वेळी देऊ." शीतकपाट पाहुण्यांसाठी केलेल्या पदार्थांनी भरलेले. टोपलीवर ओले गोणपाट टाकून ती आम्ही अंगणातील सावलीत ठेवली. दिवसभर ऊन मी म्हणत होते.

रात्री बांगडे तळले. वास वाईट नव्हता. जिभेला किंचित चुरचुरले, ते आम्ही मसाल्यावर ढकलले. अर्ध्या तासात मुलांचे चेहरे लालबुंद झाले, कपाळे ठणकू लागली, धाकट्याची छाती धडधडू लागली आणि अंगावर गांधी उठल्या. पाहुण्यांचीही तीच गत. गाडी मिळेना. तेव्हा मावशींनीच आपल्या भाच्यास उठवून त्याच्या रिक्षाने आम्हांस डॉक्टरांकडे धाडले. औषधाने सकाळपर्यंत सर्वांस आराम पडला.

डॉक्टरांनी सांगितले ते लक्षात ठेवण्याजोगे आहे. बांगडा, तारली, सुरमई अशा मासळीत उष्णतेने जंतू वाढतात व हिस्टामिन नावाचे द्रव्य तयार होते. ते एकदा झाले, की तळल्याने, उकळल्याने, गोठविल्याने किंवा खारविल्यानेही जात नाही. आणि वासावरून त्याचा पत्ता लागेलच असे नाही. उपाय एकच: मासळी हाती येताच साफ करून तिच्या वजनाइतक्या बर्फात ठेवावी, अथवा लगेच रांधावी.

दुसऱ्या दिवशी मावशी धाकट्यास पाहावयास आल्या. आम्ही खाली मान घालून सारे सांगितले. त्या हसून म्हणाल्या, "अरे बाबा, तुझी आई मला चार बांगडे देई, आणि उरलेले तुम्हांला ताजे खाऊ घाली. तिला ठाऊक होते, बांगडा साठवून कोणाचा होत नाही."

तेव्हा कोठे आम्हांस आईच्या नेमाचा अर्थ कळला. तिच्या वाट्यात शेजाऱ्याचे पोट होते, तसेच आपल्या लेकरांचे आरोग्यही होते.

मावशी आता थकल्या आहेत. काटे काढून दिल्याशिवाय त्यांना मासा खाववत नाही. परंतु बांगडे घरी आले, की आमचा धाकटा न सांगता केळीचे पान तोडून आणतो, चार मोजून वेगळे काढतो, आणि मगच आमच्या घरची चूल पेटते.