पहिल्या धारेची

चैत्राच्या तोंडावर यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याहून झरी जामणीच्या बाजूला निघालं की रान उघडं पडलेलं दिसतं. साग बोडका, पळस लाल, शेतातल्या पऱ्हाट्या उपटून झालेल्या. या दिवसांत पहाटे एक वास सुटतो. गोड, जड, किंचित आंबूस. परक्या माणसाला तो नकोसा होतो आणि इथल्या माणसाची पावलं आपोआप त्या दिशेला वळतात. हे तिचं माहेर. ती म्हणजे मोहाची दारू, आणि मोहाचीतही पहिल्या धारेची.

तिला रंग नाही. पेल्यात ओतली तर पाणीच वाटावं. नाकाशी नेली की सुकलेल्या फुलांचा गोडवा आणि चुलीचा धूर एकदम जाणवतो, आणि घोट उतरल्यावर मागून धग येते. घाई करणाऱ्याला ती जागीच बसवते, म्हणून घरधनी पेला हातात देताना बजावतो, "पाहुने, पयल्या धारेची हाये, जपून घ्या." कुणी ओठाला लावण्याआधी तिचे थेंब जमिनीवर पडतात. ते देवाचे आणि पूर्वजांचे. गोंडांच्या आणि कोलामांच्या घरात जन्म, लग्न, मरण यांतलं कोणतंही कार्य तिच्याशिवाय पुरं होत नाही. ती माणसांत बसणारी आहे. एकट्याने कोपऱ्यात प्यायची ती नव्हेच.

तिचा जन्म रात्रीचा. पानं झडलेल्या मोहाला फुलांचे घोस लागतात, रात्री वटवाघळं त्यांवर येतात आणि उजाडायच्या सुमारास रसाने फुगलेली फिकट पिवळी फुलं टपटप खाली पडतात. उन्हं चढायच्या आत ती वेचायची. त्याच फुलांसाठी अस्वलही येतं, त्यामुळे टोपली घेऊन निघालेल्या बाईचं एक लक्ष फुलावर आणि एक झाडीवर असतं. वेचलेली फुलं अंगणात वाळतात, तांबूस होतात, मनुकेसारखी आकसतात. वाळलेल्या फुलात निम्म्याहून अधिक साखर असते. मग पाणी घालून काही दिवस सडवा ठेवायचा, तो फसफसून शांत झाला की मडकं चुलीवर चढवायचं आणि वरच्या भांड्यातलं पाणी तापलं की बदलत राहायचं. आधी उतरते ती पहिली धार, सगळ्यात कडक. दोन थेंब निखाऱ्यावर टाकून भडका किती उठतो यावरून तिची पारख होते.

झाडं जंगलातली, तरी कोणतं झाड कोणत्या घराचं हे पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीत, प्रत्येकाला ठाऊक असतं. कोणत्या झाडाचं फूल जास्त गोड हेही ठाऊक असतं. ऐन फुलोऱ्यात आभाळ आलं, वळवाचा पाऊस पडला, की फूल काळवंडतं. ते साल वाईट. कडक उन्हाचं, कोरड्या वाऱ्याचं साल चांगलं. म्हणजे जमीन, झाड, साल आणि हात या चारही गोष्टी तिच्या चवीत उतरतात, आणि पिणाऱ्याला त्या ओळखूही येतात.

नेमक्या याच चार गोष्टींवर तिची एक दूरची नातलग जगातली सगळ्यात महाग वाईन झाली आहे. फ्रान्समध्ये बर्गंडी नावाच्या प्रांतात रोमाने-कोंती हा द्राक्षमळा आहे. क्षेत्र १.८ हेक्टर, म्हणजे जेमतेम साडेचार एकर. यवतमाळात एवढं रान असलेल्याला आपण अल्पभूधारक म्हणतो. १७६० मध्ये कोंतीच्या राजपुत्राने हा मळा घेतला आणि त्याचं नाव मळ्याला चिकटलं. एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेरा नावाच्या किडीने युरोपातल्या द्राक्षवेलींची मुळं खाल्ली. बहुतेकांनी अमेरिकन खुंटावर कलमं करून बागा पुन्हा उभ्या केल्या. या मळ्याने मात्र जुन्या मुळांवरचे वेल कसेबसे जगवले. १९४५ ची सुगी त्या थकलेल्या वेलींची शेवटची ठरली. वाईन निघाली अवघी ६०० बाटल्या. त्यानंतर वेल उपटले आणि नव्या वेलींची पहिली वाईन आली ती थेट १९५२ ची. त्या ६०० पैकी एक बाटली २०१८ मध्ये न्यू यॉर्कच्या लिलावात ५,५८,००० डॉलरला गेली.

एवढे पैसे चवीचे असतील का? काही अंशी असतीलही. उत्तम लाल वाईनमधला तुरटपणा आणि आंबटपणा तिला दशकानुदशकं धरून ठेवतो, बाटलीच्या अंधारात ती हळूहळू मऊ होत जाते. जगातल्या बहुतेक वाईनला हे साधत नाही, त्या दोन-चार वर्षांत प्यायच्याच असतात. पण संग्राहक पैसे मोजतो ते मुख्यतः नोंदीचे. कोणता मळा, कोणतं साल, किती बाटल्या, आणि ही बाटली इतकी वर्षं कुणाच्या तळघरात होती. २०१८ ची ती बाटली बर्गंडीतल्याच रोबेर द्रुएँ या वाईन व्यापाऱ्याच्या खाजगी साठ्यातून आली होती, फारशी फिरलेली नव्हती. ही गोष्टही किमतीत धरली गेली. शिवाय एखादी बाटली कुणी उघडली की उरलेल्या आणखी दुर्मीळ होतात. पिऊन संपणारी वस्तू जपून ठेवण्याची ही ओढ मला लोभाइतकीच श्रद्धेच्या जवळची वाटते.

नोंदीचं बळ किती असतं ते २००८ मध्ये दिसलं. रूडी कुर्नियावान या संग्राहकाने क्लो सँ-दनी मळ्याच्या पोन्सो घराण्याच्या बाटल्या लिलावात आणल्या. त्यांत १९४५ च्याही होत्या. लोराँ पोन्सो स्वतः न्यू यॉर्कला गेला, कारण त्याच्या घराण्याने त्या मळ्याची वाईन करायला सुरुवातच १९८२ मध्ये केली होती. बाटल्या मागे घ्याव्या लागल्या आणि २०१४ मध्ये कुर्नियावानला बनावट वाईन विकल्याबद्दल दहा वर्षांची शिक्षा झाली. मोठमोठ्या जाणकारांच्या जिभेला जे कळलं नव्हतं ते घराण्याच्या वहीने सांगितलं.

पहिल्या धारेचीकडे सगळं आहे, ही वही तेवढी नाही. ती कुणी ठेवूही दिली नाही. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी तिसऱ्या नेपोलियनने बोर्दोच्या वाईनची प्रतवारी मागवली. दलालांनी बाजारभाव पाहून ती केली आणि आजही ती जवळजवळ तशीच चालते. आपल्याकडे इंग्रज सरकारने १८९२ मध्ये ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहफुलांचाच कायदा केला आणि फूल बाळगणंही अवघड करून ठेवलं. दारूवरचा कर तिजोरीला हवा होता आणि घरोघरची भट्टी कर देत नव्हती. स्वातंत्र्यानंतरही फुलाकडे बघायची तीच नजर राहिली. महाराष्ट्राने २००१ मध्ये द्राक्षाच्या वाईनसाठी स्वतंत्र धोरण आणलं, नाशिकला त्याने नाव दिलं. मोहफुलं गोळा करण्यावरची, साठवण्यावरची आणि नेण्या-आणण्यावरची बंधनं उठायला २०२१ उजाडलं. तेही फुलावरची. पोडावरची धार आजही गुन्हाच आहे. लपून राहणाऱ्याला स्वतःचं नाव लिहिता येत नाही. गाव, साल, हात काहीच नोंदलं जात नाही.

तिच्या नावावर जे पाप चढलं आहे तेही इथे सांगितलं पाहिजे. नदीपलीकडचा वर्धा जिल्हा १९७५ पासून दारूबंदीत आहे, शेजारच्या चंद्रपुरात २०१५ ते २०२१ बंदी होती, आणि यवतमाळातल्या बायाही बंदीसाठी रस्त्यावर उतरल्या. त्यांचा राग खरा आहे. कापूस बुडालेल्या घरात दारूने काय केलं ते त्यांनी भोगलं आहे. मात्र मोहाची म्हणून जे विकलं जातं त्यात पुष्कळदा गूळ आणि नवसागर असतो, फूल नावापुरतं. निनावी वस्तूत कुणीही काहीही मिसळू शकतो आणि तिचा जाब कुणालाच विचारता येत नाही.

बाहेरच्या जगाने तिला आता हेरलं आहे. गोव्याच्या डेस्मंड नाझरेथ यांनी २०१८ मध्ये मोहाची दारू आपल्या नावाने बाटलीत घालून बाजारात आणली. डहाणूला भट्टी असलेल्या एका जुन्या पारशी घराण्याने 'सिक्स ब्रदर्स' नावाने तीच वाट धरली. फूल तेच, धारही तीच, फक्त तिला नाव आणि घराण्याचा इतिहास मिळाला. या व्यावसायिकांबद्दल मला आदर आहे, त्यांनी तिला चारचौघांत बसवलं. पण त्या बाटल्यांवर कोणत्याही पोडाचं नाव नाही.

वनहक्क कायद्याने २००६ मध्येच गौण वनोपजावर जंगलात राहणाऱ्यांची मालकी मान्य केली आहे. मग फूल त्यांचं आणि धार दुसऱ्याची, हे न्यायाचं नाही. केळापूर, झरी जामणी, मारेगाव, घाटंजी या तालुक्यांतल्या ज्या ग्रामसभा मागतील, त्यांना तपासणीसह मोजक्या बाटल्यांचा परवाना सरकारने द्यावा, आणि जी ग्रामसभा नको म्हणेल तिच्या बायांचा शब्द पाळावा. बाटलीवर गावाचं नाव, सुगीचं साल आणि गाळणाऱ्याची सही असावी. आणि वेचणाऱ्यांनाही एक विनंती आहे. फुलं वेचणं सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळू नका, त्या आगीत मोहाची रोपं मरतात. त्याऐवजी जाळी बांधा, आणि दर पावसाळ्यात निदान एक रोप लावा. मोह फुलावर यायला दहाएक वर्षं लागतात.