मिरगाचे वाहन

पेडणे तालुक्याच्या किनाऱ्यावरील हरमलात आणि तेरेखोल नदीपलीकडच्या सिंधुदुर्गातही पावसाळ्याचा आरंभ ‘मिरग’ या नावाने ओळखला जातो. सूर्य मृगशीर्ष नक्षत्रात प्रवेश करतो तो दिवस म्हणजे मिरग; तो साधारणपणे ७ किंवा ८ जूनला येतो. सणांच्या तिथी चंद्राच्या गतीमुळे दरवर्षी मागेपुढे सरकतात. सूर्य मात्र पावसाळ्यातील प्रत्येक नक्षत्रात सुमारे चौदा दिवस राहत असल्याने मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य ही पर्जन्यनक्षत्रे ठरल्या तारखांच्या आसपासच लागतात. म्हणूनच सण चंद्रावर आणि पेरणी सूर्यावर सोपवणाऱ्या जुन्या कुणबिकीची जाण आजही थक्क करते.

पंचांगकर्ते या प्रत्येक नक्षत्राला एक ‘वाहन’ देतात. सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजून आलेल्या संख्येला ९ ने भागायचे आणि उरलेल्या बाकीवरून घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव किंवा हत्ती ठरवायचा, अशी ही रीत आहे. बेडूक, म्हैस, हत्ती आले की पाऊस भरपूर आणि कोल्हा किंवा मेंढा आला की पावसाची ओढ, असे मानतात. या भागाकारात वाऱ्याचा किंवा समुद्राच्या उष्णतेचा कोठेही हिशेब नाही, त्यामुळे ते भाकीत म्हणून टिकत नाही. परंतु दर पंधरवड्याला घरातल्या थोरामोठ्यांना आभाळाकडे पाहायला लावणारी, पुनर्वसूच्या सरींना ‘तरणा’ आणि पुष्याच्या सरींना ‘म्हातारा’ म्हणणारी ही परंपरा पावसाला घरचा माणूस करते, आणि हे मोल थोडे नव्हे.

याउलट काही खुणा थेट मातीवर उमटतात. पहिल्या सरींनी जमीन भिजली की बांधावर मृगाचा किडा दिसू लागतो: गडद तांबडा, अंगभर मखमली लव असलेला, बोट लागताच पाय आखडून घेणारा हा जीव वर्षाचा बहुतेक काळ मातीखाली काढतो आणि ओल खोलवर पोहोचल्यावरच वर येतो. तो पावसाचे भाकीत करीत नाही, ओलीची साक्ष देतो. खाजन शेतीत, म्हणजे बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेल्या खाऱ्या जमिनीत, ही ओल निर्णायक ठरते, कारण मिरगाच्या पावसाने मीठ धुऊन गेल्याशिवाय खारेपणा सोसणाऱ्या कोरगुट भातालाही तिथे नीट रुजता येत नाही.

दर्यावरचा नियमही असाच आहे. यांत्रिक होड्यांची मासेमारी गोव्यात १ जून ते ३१ जुलै या काळात कायद्याने बंद असते, तर जुन्या रीतीप्रमाणे श्रावणातील नारळी पुनवेला दर्याला नारळ अर्पण केल्याशिवाय होडी पाण्यात घालत नाहीत.

चतुर्थीला पेडणे-डिचोलीच्या घरांत गणपतीच्या वर टांगलेली माटोळी, म्हणजे रानातली आणि परसातली फळे बांधलेली लाकडी चौकट, ऋतूची सर्वांत विश्वासू नोंद आहे. आंबाडे, तोरिंगे, चिबूड, सुपारीची शिपटी आणि डोंगरउतारावरची रानफळे त्या एका आठवड्यात जशी पिकली असतील तशीच तिथे लटकतात. एखादे फळ यंदा मिळाले नाही, तर ते प्रथम आजीच्या लक्षात येते. दोन्ही तालुक्यांतील शाळांनी मुलांकडून आपापल्या घरच्या माटोळीतील फळांची यादी दर चतुर्थीला तारखेसह लिहवून घ्यावी आणि ती वह्यांत जपून ठेवावी.