गोटीचा आवाज

मुलांच्या गोट्या जप्त करणे हे आम्हां मास्तरांचे परंपरागत काम. माझ्या टेबलाच्या खणात अशा पुष्कळ गोट्या जमल्या आहेत. पण भूगोलाच्या तासाची तयारी करताना मला एका देशाची हकीकत कळली आणि या गोट्यांविषयी माझे मत पार बदलून गेले.

हा देश म्हणजे गाम्बिया. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, एका नदीच्या दोन्ही तीरांवर पसरलेली जमिनीची चिंचोळी पट्टी. तीन बाजूंना सेनेगाल आणि चौथीला समुद्र. तेथे मत द्यायचे ते गोटीने! उमेदवारांच्या नावाने रंगवलेली पिंपे ठेवलेली असतात. मतदार आडोशाला जाऊन आपल्या पसंतीच्या पिंपात गोटी सोडतो. आत घंटा असते, ती एकदा वाजते. दोनदा वाजली, तर कुणीतरी लबाडी केली. घंटीचा घोटाळा होऊ नये म्हणून त्या दिवशी केंद्राजवळ सायकलीसुद्धा आणू देत नाहीत. अक्षरशत्रू माणसालाही मत देता यावे, यासाठी ही युक्ती.

मी लगेच बिस्किटांचे डबे आणले, खणातल्या गोट्या काढल्या आणि वर्गनायकाची निवडणूक लावली. मुले हरखून गेली. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "पण गुरुजी, गोटी कुणाला टाकायची, हे त्या लोकांना कळतं कसं?"

प्रश्न साधा होता. मी म्हणालो, "वर्तमानपत्रांतून." आणि मग देयदा हायदारांची गोष्ट सांगणे भाग पडले.

१६ डिसेंबर १९९१ रोजी हायदारांनी मित्रांबरोबर 'द पॉइंट' नावाचे पत्र काढले. १९९४ साली याह्या जामे या लष्करी अधिकाऱ्याने सत्ता बळकावली. हायदारा आपल्या सदरातून थेट त्यांनाच उद्देशून लिहीत. सदराचे नाव 'गुड मॉर्निंग, मिस्टर प्रेसिडेंट'. सकाळी उठून शेजाऱ्याला रामराम घालावा आणि त्याच दमात त्याची चूक दाखवावी, तसे. इंग्रज १९६५ साली तेथून गेले, पण राजद्रोहाचा कायदा मागे ठेवून गेले. त्याच जातीच्या कायद्याखाली आमच्या लोकमान्यांना १८९७ साली 'केसरी'तील लेखनाबद्दल तुरुंगात जावे लागले होते. २००४ च्या डिसेंबरात गाम्बियात आणखी कडक कायदे झाले. पत्र चालवण्यासाठी द्यायचे तारण एक लाखावरून पाच लाख डालासी झाले. हायदारांनी उघड विरोध केला. त्याच आठवड्यात, १६ डिसेंबरच्या रात्री, पत्राला तेरा वर्षे पुरी झाली त्या दिवशीच, कचेरीतील दोन स्त्री-सहकाऱ्यांना गाडीतून घरी सोडायला निघालेल्या हायदारांना कुणीतरी गोळ्या घातल्या. त्या दोघी जखमी झाल्या, पण वाचल्या. संपादक गेले.

वर्ग चिडीचूप झाला. मीही थांबलो, पण माझे कारण निराळे होते.

काही वर्षांपूर्वी शाळेच्या भित्तिपत्रकात एका मुलाने चार ओळी लिहिल्या होत्या. पाण्याची टाकी तीन आठवडे कोरडी आहे आणि मुली घरून बाटल्या आणतात, एवढेच. शब्द न् शब्द खरा होता. एका वजनदार गृहस्थांनी तो कागद पाहून नुसत्या भुवया उंचावल्या. बंदूक नाही, तुरुंग नाही, नुसत्या भुवया! आणि मी मुकाट्याने तो कागद उतरवला. मुलाने विचारले तेव्हा "शुद्धलेखन सुधार" म्हणालो. त्याच्या शुद्धलेखनात एकही चूक नव्हती. त्याने पुन्हा कधी भित्तिपत्रकात लिहिले नाही.

"मग पुढं काय झालं, गुरुजी?" मुलगी विचारत होती.

पुढे 'द पॉइंट' निघतच राहिले. १ डिसेंबर २०१६ रोजी लोकांनी गोट्या टाकल्या. बावीस वर्षे राज्य केलेल्या जामे यांच्यापेक्षा अदामा बॅरो यांना एकोणीस हजारांवर गोट्या अधिक पडल्या. जामे यांनी आधी हार मानली, मग शब्द फिरवला. शेवटी शेजारी राष्ट्रांच्या फौजा सरहद्दीत शिरल्या, तेव्हा २०१७ च्या जानेवारीत ते देश सोडून गेले. सत्यशोधन आयोगापुढे एका सैनिकाने हायदारांच्या खुनाची कबुली दिली. मारेकऱ्यांच्या पथकातील एका मोटारचालकाला जर्मनीच्या न्यायालयाने २०२३ साली जन्मठेप दिली. खुनानंतर एकोणीस वर्षांनी!

हे सारे मी सांगितले. टाकीचे मात्र सांगितले नाही. तो मुलगा आता शाळा सोडून गेला आहे. त्याची माफी मागायचीही सोय उरली नाही. त्याचा कागद माझ्या खणात आहे, गोट्यांच्या खालीच.

दिवाळीच्या सुटीनंतर भित्तिपत्रकाचा नवा अंक लागेल. त्या मुलीने आतापासूनच एक कोपरा मागून ठेवला आहे. काय लिहिणार, ते मी विचारले नाही. माझा हात कागद काढायला पुढे होतो की मागे राहतो, ते तेव्हाच कळेल.