चाळिशी आणि फोरसाइट

वय झालेल्या नेमबाजाचा हात थरथरतो, असा बाहेरच्या माणसाचा समज असतो. हात थरथरत नाही. ज्याने निम्मं आयुष्य रायफल उचलली, त्याचा होल्ड पन्नाशीतही विशीतल्या पोरापेक्षा शांत असतो, कारण तो रायफल हाताने धरत नाही, हाडांवर ठेवतो. जाते ती नजर, आणि तीही लांबची नाही. पन्नास मीटरवरचं काळं वर्तुळ मला आजही स्वच्छ दिसतं. पुसट झाली आहे ती डोळ्यापासून जेमतेम पाऊण-एक मीटरवर, नळीच्या टोकाशी बसलेली फोरसाइटची रिंग.

हे लिहायला बसलो त्याला कारण माझी एक विद्यार्थिनी. वय 38, सातवीतल्या मुलाची आई. लॉस एंजेलिस ऑलिंपिकच्या निवड चाचण्यांना थ्री पोझिशनमध्ये (नीलिंग म्हणजे गुडघ्यावर, प्रोन म्हणजे झोपून, स्टँडिंग म्हणजे उभं राहून) उतरायचं तिने मनावर घेतलं आहे. मध्यंतरी रेंजवर जॅकेटची बटणं सोडता सोडता तिने विचारलं, "सर, खरं सांगा, मला चान्स आहे का?" तेव्हा मी उत्तर दिलं नाही. तेजस्विनी सावंतचे आकडे डोक्यात घोळत होते.

आमच्या धंद्यात तेजस्विनीचं नाव निघालं की पोरं 2010 चं म्युनिक सांगतात. 50 मीटर प्रोनमध्ये 600 पैकी 597, विश्वविक्रमाशी बरोबरी आणि जगज्जेतेपद. भारताच्या एकाही महिला नेमबाजाने त्याआधी हे केलं नव्हतं. पण मला विचाराल तर तिचं मोठं काम त्यानंतरचं आहे. बीजिंग, लंडन, रिओ तिन्ही ऑलिंपिक हुकली. 2018 ला गोल्ड कोस्टमध्ये सदतिसाव्या वर्षी थ्री पोझिशनचं सुवर्ण घेतलं, अंजुम मुदगिलला मागे टाकून. 2019 च्या नोव्हेंबरमध्ये दोह्याला आशियाई स्पर्धेत चौथी आली आणि देशाला कोटा मिळवून दिला. मग कोविड आला आणि ऑलिंपिकच एक वर्ष पुढे गेलं. एकोणिसाव्या वर्षी एक वर्ष पुढे जाणं म्हणजे आणखी एक वर्ष सराव. एकोणचाळिसाव्या वर्षी त्याचा हिशेब वेगळा असतो. तरी मार्च 2021 मध्ये दिल्लीच्या विश्वचषकात संजीव राजपूतबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण तिने घेतलं. तेव्हा दोघंही चाळिशीचे होते.

आणि मग 31 जुलै 2021, टोकियो. नीलिंग 384, प्रोन 394, स्टँडिंग 376. एकूण 1154, तेहतिसावी.

हे तीन आकडे मी वहीत लिहून ठेवले आहेत. प्रोनमध्ये 400 पैकी 394 करणारी बाई म्हातारी झालेली नसते. झोपून रायफल धरायची, श्वासाची लय, वाऱ्याचा अंदाज, झेंडी पडली की थांबायचं, हे सगळं वयाबरोबर वाढतं. 24 गुण गेले ते स्टँडिंगमध्ये. आणि तिचं सर्वांत पक्कं हत्यार जे, ते 50 मीटर प्रोन, बायकांची स्वतंत्र स्पर्धा म्हणून ऑलिंपिकमध्ये कधीच नव्हतं. पुरुषांचंही रिओनंतर गेलं. वयाने जे तिच्याकडे शाबूत ठेवलं होतं, त्याला त्या स्पर्धेत स्वतंत्र जागाच नव्हती.

माझ्या मुलीने परवा मोबाईलवर एक फिगर स्केटर दाखवली. डिॲना स्टेलाटो-ड्यूडेक. 2000 साली ज्युनिअर जागतिक स्पर्धेत एकेरीचं रौप्य, मग दुखापती, मग सोळा वर्षं बर्फाला पाय नाही. परत आली ती जोडीच्या प्रकारात. मार्च 2024 मध्ये माँट्रिअलला मॅक्झिम देशाँबरोबर जगज्जेती झाली तेव्हा वय 40. फिगर स्केटिंगच्या कुठल्याही प्रकारात एवढ्या वयाची बाई जगज्जेती झाली नव्हती. त्या खेळात वय म्हणजे घोटे आणि गुडघे, बर्फावर आपटण्याची भीती. तरी तिला दुसरा प्रकार निवडता आला, जो ऑलिंपिकमध्ये होता. तेजस्विनीला तेवढीही मोकळीक नव्हती. थ्री पोझिशन म्हटलं की स्टँडिंग आलंच, आणि फायनलमध्ये एकेकाला बाहेर काढायला सुरुवात होते तीही स्टँडिंगमध्येच.

म्हणून गेली काही वर्षं मी स्टँडिंगमधल्या त्या रिंगपाशी अडकून पडलो आहे.

मागच्या पीपमधून बघायचं, समोर रिंग, रिंगच्या आत काळं, आणि दोघांच्या मध्ये पांढरी फट चहूबाजूंनी सारखी. डोळा एका वेळी एकाच अंतरावर नेमका बसतो. तरुणपणी तो रिंगवरून काळ्यावर आणि काळ्यावरून रिंगवर इतक्या झटकन जातो, की दोन्ही एकदम स्पष्ट दिसतंय असंच वाटतं. मला वाटायचं. चाळिशीनंतर आतलं भिंग कडक होत जातं आणि ही ये-जा मंदावते. प्रोनमध्ये रिंग स्थिर असते, तिथे थोडी मंद नजर चालून जाते. स्टँडिंगमध्ये रिंग कधीच थांबत नाही. ती काळ्याभोवती सावकाश फिरते, आणि डोळा काळ्यावरून परत रिंगवर येईपर्यंत ती भलतीकडे गेलेली असते. मग आपण आणखी थोडं थांबतो. सहा-आठ सेकंदांनंतर डोळा खोटं बोलायला लागतो, मघाचंच चित्र धरून ठेवतो. फट सारखी दिसते, ट्रिगर सुटतो, आणि मॉनिटरवर साडेआठ उमटतो. नऊ वाजता. माझा अगदी ठरलेल्या जागी, डावीकडे.

यावर उपाय आहे आणि तो जुना आहे. लांबच्या नंबरात अर्धा डायऑप्टर अधिक घालून भिंग करून घ्यायचं. डोळा सैल सोडला की नजर साधारण दोन मीटरवर बसते. पीपच्या बारीक भोकामुळे फोकसची खोली वाढते, रिंग कोरीव दिसते आणि काळं थोडं करडं होतं. भिंग चष्म्यात चालतं किंवा मागच्या साइटवर, पुढच्या साइटला नाही. मी ते केलं. चिंचवडच्या चष्मेवाल्याला पाऊण मीटरचं अंतर समजावून सांगायला वेळ लागला, कारण त्याच्याकडे येणारा प्रत्येक जण पेपर वाचायला येतो. रिंग परत आली. इतकी स्वच्छ, की पहिल्या दिवशी घरच्या पॅसेजमध्ये भिंतीवरच्या टिंबावर कोरा सराव करताना मी नुसता बघतच राहिलो.

अडलं ते पुढे. काळं करडं झालं हे मला सहन होईना. रिंग बघ, काळ्यावर विश्वास ठेव, ते कुठे जात नाही, हे मी पोरांना रोज सांगतो. मला मात्र काळं बघितल्याशिवाय राहवत नाही. मी टूलरूमचा माणूस. एमआयडीसीत आयुष्य गेलं सरफेस ग्राइंडरवर आणि स्लिप गेजवर. डायलचा काटा पाच मायक्रॉन हलला तर तो दिसलाच पाहिजे, न दिसलेल्या मापावर सही करायची नाही, ही सवय हाडात गेली आहे. करड्या काळ्यावर ट्रिगर सोडणं म्हणजे न बघता सही करणं, असं कुठेतरी आत वाटतं. आणि मग मी थांबतो. अर्धा सेकंद, एक सेकंद.

थांबण्यापेक्षा रायफल खाली घ्यावी. हे आमच्यातल्या नवख्यालाही माहीत असतं. शॉट बनला नाही तर खाली घ्या, दोन श्वास, परत वर. वय वाढलं की हे जास्त वेळा करावं लागतं, आणि तिथे माझा गर्व आडवा येतो. मागे पोरं उभी असली की मी रायफल खाली घेत नाही. लेनमागे चारजण उभे राहून बघताहेत, सर कसे सोडतात ते शिकताहेत, हे मला आवडतं. फार आवडतं. रायफल खाली घेतली की त्यांना वाटेल सरांचं होत नाही, एवढ्यासाठी मी बनवून-बनवून शॉट सोडतो. रिंगच्या मापाचंही तेच. डोळा थकला की मोठी रिंग लावावी, फट रुंद होते, डोळ्याला सोपं जातं. आमच्या पिढीत लहान रिंग लावणारा तो खरा नेमबाज मानला जायचा. माझ्या साइटमध्ये आजही दोन मापं लहान रिंग आहे आणि मोठी डबीत पडून आहे.

पॅरिसला तुर्कीच्या युसुफ डिकेचचा फोटो जगभर फिरला तेव्हा मला राग आला होता. त्या माणसाचा नव्हे. एकावन्नाव्या वर्षी एअर पिस्तूल मिश्र दुहेरीत रौप्य घेणाऱ्याला मी सलामच करीन. राग आला तो लोक जे बोलले त्याचा. साधन नको, भिंग नको, हात खिशात घालून उभं राहायचं आणि मारायचं. त्याच्या नाकावरचा चष्मा कुणी पाहिलाच नाही. शिवाय पिस्तूल वेगळं, रायफल वेगळी. पिस्तुलाची पुढची साइट हाताच्या टोकाशी उघडी असते, तिथे पीप नाही. त्या फोटोनंतर रेंजवर दोन पालकांनी मला विचारलं, की एवढं महागडं जॅकेट खरंच लागतं का?

पालकांचा विषय निघालाच तर बोलतो. स्वप्नील कुसाळेने 1 ऑगस्ट 2024 ला पॅरिस ऑलिंपिकच्या शातोरूमधल्या रेंजवर 451.4 करून कांस्य जिंकलं, आणि पिंपरी-चिंचवडमधल्या एअर रायफलच्या बॅचेस भरल्या. आनंद आहे. पण तो पदक घेऊन आला 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये. नीलिंगनंतर मागे होता, स्टँडिंगमध्ये वर सरकला. बॅचेस भरल्या त्या दहा मीटरच्या. नीलिंगमध्ये घोट्याखाली रोल घेऊन पाय बधिर होईपर्यंत बसायला कुणी येत नाही, .22 ची काडतुसं परवडत नाहीत, आणि चौदाव्या वर्षी मेडल दिसलं पाहिजे. मुलं शॉट सुटताक्षणी मॉनिटरकडे मान वळवतात. फॉलो थ्रू नावाची गोष्ट असते हे त्यांना सांगावं लागतं, आणि पुढच्या शॉटला परत सांगावं लागतं. दीपाली देशपांडे अथेन्सला थ्री पोझिशन खेळल्या आणि नंतर त्यांनीच स्वप्नीलला घडवलं. ही एका माणसाकडून दुसऱ्याकडे गेलेली विद्या आहे. रायफलवर इलेक्ट्रॉनिक ट्रेनर लावून लॅपटॉपवर नेमाची रेघ बघितल्याने ती येत नाही. रेघ उपयोगाची आहे, मीही वापरतो. रेघ बघून स्टँडिंग सुधारलेला मुलगा मात्र मी अजून पाहिलेला नाही.

नियमांनीही वयाला मदत केलेली नाही. 2013 पासून फायनल शून्यापासून सुरू होते, क्वालिफिकेशनमध्ये कमावलेले गुण सोबत येत नाहीत. टोकियोनंतर थ्री पोझिशन 120 शॉटवरून 60 वर आलं. वरवर पाहता कंबर वाचली. पण अनुभवी माणसाची खरी पुंजी लांब मॅचमध्ये असते. एक सिरीज बिघडली तर पुढच्या तीनमध्ये शांतपणे भरून काढायची, हे त्याला येतं आणि अठरा वर्षांच्या मुलाला येत नाही. 20 शॉटच्या स्टँडिंगमध्ये भरून काढायला जागाच उरत नाही. दोन आठ लागले की संपलं.

माझी विद्यार्थिनी बालेवाडीला गुरुवारी येते, एमआयडीसीची सुट्टी असते तेव्हा. नवऱ्याला घरी मुलापाशी थांबवून, डांगे चौकातून वाकडमार्गे स्कूटरवर. रायफल रेंजवरच असते, जॅकेट पाठीवर. तिचं प्रोन मी आजवर शिकवलेल्यांत सर्वांत चांगलं आहे. नीलिंगमध्ये डावं कोपर गुडघ्यावर ठेवायची तिची जागा दर वेळी तीच असते, मोजून बघितली आहे. स्टँडिंगमध्ये तिचा डोळा काळ्यावर जायला लागला आहे. तिने सांगितलं नाही, पण मला मागून कळतं. शॉटच्या आधी गाल स्टॉकवर हलकासा दाबला जातो, माझाही जातो. तिला भिंग करून घ्यायला लावलं आहे, मोठी रिंगही लावली आहे. माझ्या डबीतलीच.

तिच्या प्रश्नाचं उत्तर मी आता दिलं आहे, इथेही लिहितो. चाळिशीत ऑलिंपिकला जाता येतं, तेजस्विनी जाऊन आली. ही बाई निवड चाचणीत पहिल्या आठात येईल, प्रोनच्या आणि नीलिंगच्या जोरावर. पहिल्या दोघींत यायला तिला स्टँडिंगच्या 20 शॉटमध्ये आजच्यापेक्षा सहा गुण जास्त लागतील. त्यातले तीन भिंगाने आणि रिंगने मिळतील असं मला वाटतं. उरलेले तीन कुठून येतील ते मला आज दिसत नाही, आणि तोवर माझं उत्तर 'नाही' असंच आहे.

चाळिशी ओलांडलेल्या माझ्या इतर नेमबाज मित्रांना एवढीच विनंती: डोळ्यापासून फोरसाइटपर्यंतचं अंतर टेपने मोजा, कागदावर लिहा, आणि तो कागद घेऊन नेत्रतज्ज्ञाकडे जा. पुढच्या सीझनची वाट बघू नका.