गाडीमागे धावणारे कुत्रे

धावत्या गाडीमागे लागण्याची कुत्र्याची खोड त्या धावण्यातूनच पोसली जाते. कुत्रे भुंकत जाते, गाडी निघून जाते आणि हाकलल्याचे समाधान त्याला दर वेळी मिळते. दौंड तालुक्यातले आमचे पाटस पुणे-सोलापूर महामार्गावर आहे. उसाच्या हंगामात वस्त्यांवरच्या रस्त्यांनीही ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रीघ असते, त्यामुळे या खोडीला दिवसभर खतपाणी मिळते. काठीने ती जात नाही. पाटसजवळच्या आमच्या वस्तीवर काठी पाहून कुत्रे थांबे, माणूस आत गेला की पुन्हा धावे.

उपाय म्हणजे आधी धावणे घडूच न देणे. गळपट्ट्याला लांब दोरी बांधून कुत्र्याला रस्त्यापासून बरेच दूर उभे करावे. ट्रॅक्टर दिसला आहे, पण अंग अजून ताठलेले नाही, त्याच क्षणी त्याचे नाव घ्यावे आणि मान वळताच तोंडात घास द्यावा. भाकरी रोजचीच, तिचे अप्रूप नसते. उकडलेल्या अंड्याचा तुकडा किंवा सुका बोंबील लवकर काम करतो. घास उशिरा मिळाला तर तो कशाबद्दल मिळाला हे कुत्र्याला उमगत नाही. अंतर हळूहळू कमी करावे. कुत्रे हिसडे देऊ लागले की पुन्हा मागे जावे.

घरातल्या सगळ्यांचे वागणे एकसारखे हवे, आणि सगळ्यांत अवघड हेच. मोठी माणसे ‘हाड’ म्हणून थांबवतात आणि पोरे ‘छू’ म्हणून त्याच मोटारसायकलीवर सोडतात. आमच्याकडे पोरांचे ‘छू’ बंद झाले तेव्हाच शिकवणीला धार आली. जवळ बोलावून मारणे तर पूर्ण टाळावे; असे कुत्रे पुढे हाकेला येत नाही. अंगावर उड्या मारणाऱ्याकडे पाठ फिरवावी आणि चारही पाय जमिनीवर टेकल्यावरच कुरवाळावे. दात येताना पिल्लू चप्पल चावते. चप्पल उचलून ठेवावी, चघळायला दुसरे काही द्यावे.

खोड लागण्याआधीचा काळ सर्वांत मोलाचा. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लाने जे शांतपणे पाहिले, त्याची भीती आणि चेव दोन्ही पुढे कमी राहतात. धनगरांच्या वाड्यावर मेंढ्यांतच वाढलेले पिल्लू त्यांना आपले मानते, ते याच कारणाने.

रात्रीच्या भुंकण्याला मात्र सरसकट खोड म्हणू नये. शिरूर-दौंडच्या उसात बिबट्याचा वावर आहे. ते भुंकणे हा इशारा असतो. रात्री कुत्रे उघड्यावर बांधलेले असेल तर तेच बिबट्याचे भक्ष्य ठरते, म्हणून त्याला बंदिस्त जागा हवी.

मेंढ्या किंवा चिंकारा यांच्यामागे लागलेल्या मोठ्या कुत्र्याची खोड मोडणे सर्वांत कठीण असते, कारण तिच्यामागे शिकारीची ओढ असते. पाटसच्या दक्षिणेला सुप्याचे मयूरेश्वर अभयारण्य चिंकाऱ्यांसाठी राखलेले आहे. त्या बाजूच्या माळावर असे कुत्रे दोरीविना सोडू नये, कितीही शिकवलेले असले तरी. दिवसभर आखूड साखळीला जखडणे हा त्यावरचा तोडगा नाही. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात अवाजवी वेळ आखूड साखळीला बांधून ठेवणे आणि नेहमी बांधलेल्या कुत्र्याला पुरेसे न फिरवणे, हे दोन्ही गुन्हे आहेत. सकाळ-संध्याकाळ लांब दोरीवर फिरवलेले कुत्रे दुपारी सावलीत निवांत पडून राहते.