वाढत्या पायाचा जोडा

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, असे आपल्याकडे पूर्वापार म्हणत आले आहेत. दिसतात हे खरेच. पण पाळण्यातून उतरून ते पाय चालू लागले म्हणजे त्यांत काय घालावे, याविषयी ती म्हण मौन बाळगते. वाचकहो, हे मौन आम्हांस गेल्या वर्षी बरेच महागात पडले. नेमका आकडा सांगावयाचा, तर ३,९९९ रुपयांना.

मे महिन्याचा अखेरचा आठवडा होता. आमच्या बेळगावात शाळा लवकर उघडतात, त्यामुळे खडेबाजारात छत्र्या, दप्तरे आणि वह्या घेणाऱ्यांची रीघ लागलेली. नातवाचे बोट धरून आम्ही एका दुकानात शिरलो. नातू सहा वर्षांचा, पहिलीत जाणारा. दुकानातला तरुण मोठा आर्जवी होता. त्याने नातवाला उंच बाकावर बसविले, एक जोडा पायात चढविला आणि आमच्याकडे वळून म्हणाला, "आजोबा, हा नुसता बूट नव्हे. याच्या आत कमान बसवलेली आहे. मुलाचा पाय सपाट होत नाही, टाच वाकडी पडत नाही. वाढत्या वयात पायावर पैसे वाचवू नयेत." शेवटचे वाक्य त्याने अशा काही स्वरात उच्चारले, की शेजारच्या फळीवरील सहाशे रुपयांच्या जोड्याकडे नुसते पाहणे हादेखील नातवाशी द्रोह ठरावा. आम्ही पाहिले नाही.

त्या तरुणाने आम्हांस भुलविले असे म्हटले तर मात्र त्याच्यावर अन्याय होईल. आम्ही घरून निघतानाच भुललेले होतो. १९६० नंतरच्या आमच्या बाळपणी घरात बुटांचा जोडा दोन वर्षांतून एकदा येई, आणि तो पायाच्या मापाने येत नसे, वडिलांच्या पगाराच्या मापाने येई. दुकानदार सरकत्या पट्टीवर पाय मापून एक आकडा सांगे. वडील त्यात दोन मिळवीत. "वाढता पाय आहे," एवढेच त्यांचे स्पष्टीकरण. पुढच्या रिकाम्या जागेत आई कापूस कोंबून देई. पहिले वर्षभर बूट पायातून निसटू नये म्हणून आम्ही बोटे आवळून चालत असू, आणि पाय कसाबसा त्या बुटाएवढा झाला, की बुटाचा तळ आ वासू लागे. नीट मापाचा असा तो जोडा आमच्या पायात फार तर दोन महिने राहिला असेल. कधी थोरल्या बंधूंचा जोडा आमच्याकडे येई, तो त्यांच्या पायाचा सगळा स्वभाव बरोबर घेऊन. ते टाच बाहेरच्या अंगाने झिजवीत. त्यामुळे आम्हीही काही काळ बाहेरच्या अंगाने कलून चालत होतो. त्यात बेळगावचा पाऊस. भिजलेले कातडे रात्री चुलीच्या उबेला ठेवले, की सकाळी लाकडासारखे ताठ होऊन बसे.

वडिलांना आम्ही दोष देत नाही. पगार एक होता आणि मुले पाच होती, आणि त्यांच्या स्वतःच्या पायातील वहाणेला इतके टाके पडले होते, की मूळची वहाण त्यात कोठे आहे हे शोधावे लागले असते. परंतु बोटे आवळून चालणाऱ्या मुलाने तेव्हा मनाशी काही एक निश्चय केला असावा, आणि साठ वर्षांनी खडेबाजारात तो फळास आला. ते पैसे आम्ही नातवाच्या पायांसाठी मोजले, की स्वतःच्या जुन्या पायांसाठी, याचा निवाडा वाचकांनीच करावा.

जोडा घरी आला आणि आम्ही एक मोठी चूक केली. आल्यागेल्याला तो दाखवू लागलो. "ओळखा पाहू केवढ्याचा असेल?" असे विचारावयाचे, समोरच्याने भीतभीत दीड हजार म्हणावयाचे, आणि मग आम्ही खरा आकडा सांगावयाचा. नातू शेजारी उभा असे. जून लागला. चिखलात जोडा खराब होईल म्हणून आम्हीच फर्मान काढले, की पावसाळाभर रबरी सँडल घालावेत. शाळेचीही हरकत नव्हती. जोडा कागदात गुंडाळून खोक्यात गेला आणि खोके कपाटावर गेले. बेळगावचा पाऊस दसऱ्यापर्यंत रेंगाळला, तेव्हा ऑक्टोबरात खोके उघडले. जोडा अगदी नवा होता. पाय मात्र मधल्या काळात कपाटावर ठेवलेला नव्हता.

जानेवारीतल्या एका संध्याकाळी आमच्या सौभाग्यवतींच्या ध्यानी आले, की मुलगा शाळेतून आल्यावर घरात धावत येत नाही. फाटकाशीच पायरीवर बसतो, आधी जोडा काढतो आणि मग अनवाणी आत येतो. तिने त्याला जवळ घेऊन मोजे उतरविले. दोन्ही अंगठ्यांची नखे काळसर पडली होती, करंगळी शेजारच्या बोटाखाली दुमडली होती, टाचेवर फोड येऊन फुटला होता. "अरे, चावतो का जोडा?" तिने विचारले. त्याने मान हलविली. "मग सांगितलं का नाहीस?"

"आजोबांनी महागाचे आणलेत ना," तो हळूच म्हणाला. "लहान झाले म्हटलं, तर त्यांना वाईट वाटेल."

आम्ही वर्तमानपत्र वाचत तेथेच बसलो होतो. वर्तमानपत्र वर धरून ठेवण्यापलीकडे त्या क्षणी आम्हांस काही सुचले नाही. सौभाग्यवतींचे माहेर फोंड्याचे, आणि रागावल्या म्हणजे त्या माहेरच्या भाषेत बोलतात. "पांय वाडटात, जोतीं वाडनात," एवढेच त्या म्हणाल्या, आणि हळद-तेल आणावयास आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही नातवाला घेऊन परिचयाच्या एका अस्थितज्ज्ञांकडे गेलो. नखे आपोआप सुधारतील, असा त्यांनी दिलासा दिला. मग बुटातली ती प्रसिद्ध कमान बोटाने दाबून पाहिली आणि ते हसले. लहान मुलाचा तळवा सपाटच दिसतो, कारण त्याच्या पोकळीत चरबीची गादी असते आणि सांधे सैल असतात. कमान हळूहळू, बहुधा सहा ते दहा वर्षांच्या वयापर्यंत आपली आपण उभी राहते. तान्ह्या बाळाच्या पायात हाडापेक्षा कूर्चाच अधिक असते. ती टणक होत होत पौगंडावस्था उलटते. असा मऊ पाय आखूड जोड्यात कोंडला, तर तो फारशी तक्रार न करता दुमडून घेतो. "तुमच्या नातवासारखाच," असे डॉक्टर म्हणाले नाहीत. ते आमच्या मनात आले.

नंतर आम्ही स्वतः थोडी शोधाशोध केली, आणि एक माहिती तर आमच्या शेजारचीच निघाली. मणिपालच्या दोन वैद्यांनी ४ ते १३ वर्षांच्या २,३०० मुलांच्या तळव्यांचे ठसे तपासून १९९२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पादत्राणे वापरणाऱ्या मुलांत सपाट पायांचे प्रमाण ८.६ टक्के होते, अनवाणी वावरणाऱ्यांत २.८ टक्के, आणि पादत्राणे घालणाऱ्यांतही बोटे झाकणारे बूट घालणारी मुले या बाबतीत सर्वांत पुढे, चपला-सँडलवाली त्यांच्या मागे. त्याआधी १९८९ मध्ये अमेरिकेतील वैद्यांनी सपाट पायांच्या मुलांना तीन वर्षे खास बूट व आधार वापरायला लावून पाहिले होते. ज्या मुलांना काहीच दिले नव्हते, त्यांच्या पायांत आणि या मुलांच्या पायांत काही फरक दिसला नाही. म्हणजे ज्या कमानीसाठी आम्ही तीन हजारांवर रुपये अधिक मोजले, ती निसर्ग फुकट बांधून देत होता आणि बुटाने तिला हातभार लागत नव्हता.

यावरून कोणी मुलांना अनवाणी सोडावे, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. घरात, अंगणात, वाळूत खुशाल सोडावे. परंतु आपल्या ओल्या मातीत अंकुशकृमी असतात आणि ते कोवळ्या तळव्याच्या त्वचेतूनच शरीरात शिरतात. काटे, काचा आणि उन्हात तापलेला डांबरी रस्ता तर आहेतच. ज्या मुलाच्या पायात जन्मतः दोष आहे त्याची गोष्टही निराळी; तेथे वैद्य सांगतील ते साधन घ्यावे आणि किमतीचा विचार मागे ठेवावा. बाकीच्यांना जोड्याकडून फार थोडे हवे असते. तो चवड्याशी सहज वाकावा, तळ निसरडा नसावा, नाडीने किंवा पट्ट्याने पायावर घट्ट राहावा, बोटे आत पसरावीत, आणि मूल उभे असताना सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा उरावी. माप संध्याकाळी घ्यावे, कारण दिवसभरात पाय किंचित फुगतो. आणि दोन्ही पायांचे घ्यावे, कारण ते क्वचितच सारखे असतात. हे गुण सहाशेच्या जोड्यात असू शकतात आणि चार हजारांच्या जोड्यात नसू शकतात. अगदी हलक्या किमतीच्या जोड्यात मात्र ताठ प्लास्टिक असते, त्यात पाय घामेजतो. तेव्हा सर्वांत स्वस्त तेच शहाणपणाचे, असेही नव्हे.

शिवणीचा टिकाऊपणा ही महाग जोड्याची खरी कमाई, हे आम्ही मान्य करतो. पण टिकावयाचे कोणासाठी? सहा वर्षांच्या मुलाचा पाय वर्षात एक-दोन मापे ओलांडतो. त्याहून लहान मुलाचा तर दोन-तीन महिन्यांनी तपासावा लागतो. २०२५ च्या सप्टेंबरात सरकारने २,५०० रुपयांपर्यंतच्या जोड्यावर ५ टक्के आणि त्यापुढच्या जोड्यावर १८ टक्के कर ठरविला. त्या रेषेने पाहिले, तर आमचा पहिलीतला नातू श्रीमंतांत मोडतो. आम्ही हिशेब मांडून पाहिला. चार महिने जोडा कपाटावर, पुढचे दोन महिने नीट मापाचा, आणि त्यानंतरचे दोन महिने काळ्या नखांचे. वडिलांनी पैसे नसल्यामुळे जे साधले, तेच आम्ही पैसे असून साधले होते. दोन्ही जोडे मुलाच्या मापाचे दोनच महिने राहिले. सहाशेचा जोडा असता, तर तो पावसात खुशाल भिजला असता आणि डिसेंबरात कोणाला काही न वाटता बदलला गेला असता. आम्हांस खुपते ते हेच. किंमत त्या जोड्याला चिकटली नसती, तर मुलाने तोंड उघडले असते.

नखे निघेपर्यंत त्याला उघडे काहीतरी हवे होते. सौभाग्यवतींनी अथणीच्या एका कारागिराकडून त्याच्या मापाच्या लहानशा कोल्हापुरी चपला आणविल्या. (कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते महाराष्ट्रातील चार व कर्नाटकातील चार जिल्ह्यांना मिळून, आणि आमचा बेळगाव जिल्हा त्यांत आहे. सीमेवरच्या आम्हां लोकांना अशा गोष्टींचे जरा अधिकच अप्रूप.) पहिले दोन दिवस त्याही चावल्या. परंतु या वेळी त्याने पहिल्याच तासाला ओरडून सांगितले, आणि आजीने पट्ट्याला आतून खोबरेल चोळले.

फेब्रुवारीत शाळेसाठी बूट घ्यावयास आम्ही पुन्हा खडेबाजारात गेलो, दुकान दुसरे. नातवाला उभे केले, पुढून अंगठ्याने दाबून पाहिले, दुकानभर धावावयास सांगितले. तो दोन फेऱ्या धावला, तिसरी स्वखुशीने धावला. तीन जोडे नापसंत झाले, चौथा बसला. खोक्यावरील किमतीची चिठ्ठी आम्ही दुकानातच काढून घेतली.

बाहेर आल्यावर त्याने विचारले, "आजोबा, हे केवढ्याचे?"

"विसरलो बुवा," आम्ही म्हणालो.

त्याने क्षणभर आमच्याकडे निरखून पाहिले. मग वाटेवरचा एक दगड नव्या बुटाने ठोकरला, धावत जाऊन पुन्हा ठोकरला, आणि तसाच तो थेट आमच्या फाटकापर्यंत आणला.