पाव तोळा

काट्यावर २.९ चा आकडा स्थिरावला आणि माझ्या तोंडून मराठीतच निघालं, "पाव तोळा!" पक्ष्यांना वाळे घालणाऱ्या बाईंनी मान वर केली. मी ग्रॅममध्ये सांगून वहीत लिहिलं, पण तो शब्द दिवसभर जिभेवरून हलेना.

फेब्रुवारीतली पहाट, अ‍ॅरिझोनातल्या टूसॉनबाहेरचा कोरडा ओढा. सोनोराच्या वाळवंटात या दिवसांत चुपारोसाची झुडपं लाल, नळीसारख्या फुलांनी भरतात. कोस्टाच्या हमिंगबर्डची विणीची घाई तेव्हाच चाललेली असते, कारण ऊन चढू लागलं की त्यांतले बरेचसे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याकडे निघून जातात. नराचा गळा जांभळा, त्यावरची पिसं दोन्हीकडे मिशांसारखी लांबलेली. हे 'कोस्टा' म्हणजे एक फ्रेंच उमराव, पक्ष्यांचे संग्राहक. १८३९ साली त्यांचं नाव या पक्ष्याला दिलं गेलं. मला ते कधीच आवडलं नाही. मेक्सिकोत पक्ष्यालाही चुपारोसाच म्हणतात. फुलाचं आणि पक्ष्याचं नाव एकच, कोण कोणाचं हे विचारायलाच नको.

माझं काम मदतनिसाचं. साखरपाण्याच्या बाटलीभोवती जाळी वर बांधलेली असते. पक्षी आत शिरला की दोरी सोडायची. एक भाग साखर, चार भाग पाणी, रंग अजिबात नाही. वाळा घालायचा तो परवाना असलेल्या बाईंनीच. त्या पक्ष्याला पातळ पायमोज्याच्या तुकड्यात गुंडाळून काट्यावर ठेवतात, नळीने पोटावरची पिसं फुंकून चरबी पाहतात, भिंगातून चोच तपासतात. कोवळ्या पक्ष्याच्या चोचीवर बारीक चरे असतात. मादीच्या पोटात अंडं दिसलं तर बाकी सगळं राहू देऊन तिला आधी सोडायचं, हे मला फार आवडलं.

वाईला आमच्या आळीत एक सोनार होते. धाकट्या भावाच्या बारशासाठी चांदीचे वाळे करायला टाकायचे म्हणून आजी मला घेऊन गेली. ग्रॅमची वजनं केव्हाच आली होती, तरी त्यांच्या पितळी डबीत गुंजा होत्या, लालभडक, टोकाला काळा डोळा असलेल्या. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. मी तिथेच शिकले. त्यांनी एक गुंज माझ्या तळहातावर ठेवली. "तोंडात घालायची नाही, विषारी असते." मग उठून पंखा बंद केला. तराजूची पारडी काचेच्या पेटीत होती, तरी बंद केला. मीही श्वास धरला. काटा थरथरत मध्यावर आला आणि आजी म्हणाली, "सोड गं आता श्वास." बारशाच्या आदल्या दिवशी ते स्वतः घरी आले. वाळा चढवला, घोटा आणि चांदी यांच्यामध्ये करंगळीचं टोक घातलं, फिरवून पाहिलं. काढला, किंचित उघडला, पुन्हा चढवला. असं तीनदा. बाळ लाथा झाडत होतं. "फिरला पाहिजे, काकू," ते आजीला म्हणाले. "पोर वाढतं."

बाई रात्री दिव्याखाली बसून अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यातून एकेक वाळा कापतात, कडा घासतात, सळईवर वाकवतात. त्यावर एक अक्षर आणि पाच आकडे, भिंगाशिवाय न दिसणारे. पायात चढवल्यावर टोचणीच्या टोकाने तो फिरवून पाहतात. मगच पक्षी माझ्या हातात येतो. त्याची चोच साखरपाण्यात बुडवायची आणि तळहात उघडायचा. सुटल्याचं त्याला लगेच कळत नाही. पडून राहतो, आणि हाताला ठोके जाणवत नाहीत, नुसती थरथर जाणवते. २४ गुंजांची थरथर.

कोलोरॅडोत १९७६ साली वाळा घातलेली रुंद शेपटीच्या जातीची एक मादी १९८७ मध्ये पुन्हा सापडली. किमान १२ वर्षांची. आकडे वाचणाऱ्याचे हात त्या वेळी कसे झाले असतील!

रात्री आईला फोन केला.

"म्हणजे आपल्या जास्वंदीवरचा शिंजीरच ना?"

"नाही गं. शिंजीर निराळ्या कुळातला. याचं जवळचं नातं पाकोळीशी."

वाईच्या घाटावर संध्याकाळी पाकोळ्यांची झुंबड उडते. त्यांच्यासारखेच याचेही पाय अगदी आखूड. याला फांदी तेवढी धरता येते, चालता येत नाही. हेही तिला सांगितलं.

"चालतच नाही, तर वाळा कशाला घालता गं?"

मी तिला आकड्यांचं सांगितलं, वहीचं सांगितलं, मेरीलँडच्या ज्या प्रयोगशाळेत या सगळ्या नोंदी जातात तिचं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "घट्ट नाही ना होत त्याला?"

"नाही. फिरतो."

"बरं," ती म्हणाली, आणि भावाचे वाळे शोधायला उठली. फोन तसाच चालू होता. कपाटाचं दार करकरलं, डबे सरकले. बराच वेळ.

"एक आहे," तिकडून आवाज आला.